आधी चाळा, मग निवडा

परीक्षा जवळ आल्या की आमच्यासारख्या मास्तर मंडळींच्या घरी पालकांची वर्दळ वाढते. असेच एका रविवारी कोहिनूर भागातले एक ओळखीचे गृहस्थ पत्नीला आणि दहावीतल्या मुलीला घेऊन आले. चहा यायच्या आधीच त्यांची तक्रार सुरू झाली.

"सर, पोरीला जरा तुम्हीच समजावून सांगा. पुस्तक घेऊन बसतीय खरं, पण वाचंना गेलीय. नुसती पानं पलटायलीय. पहिल्या पानावरून एकदम शेवटच्या पानावर! ह्याला काय अभ्यास म्हणायचं का?"

मुलगी खाली मान घालून बसली होती. मी तिला बोलते केले तेव्हा खरी गोष्ट कळली. सातवीपर्यंत ती मराठी शाळेत होती. आठवीपासून कन्नड माध्यम. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही. कन्नड बोलायला अडचण नाही, पण कन्नड लिपी वाचताना वेग मराठीच्या निम्म्यावर येतो. सहामाहीला समाजविज्ञानाचे सात धडे होते. तिने पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली, चार धडे अगदी तोंडपाठ केले आणि परीक्षेचा दिवस उजाडला. उरलेल्या तीन धड्यांत काय आहे, हे तिला प्रश्नपत्रिका हातात पडल्यावरच कळले. मग शाळेतल्या बाईंनी सांगितले, आधी सगळा धडा नजरेखालून घालत जा. तेव्हापासून ती पाने पलटू लागली आणि वडिलांना काळजी लागली.

वाचकहो, ही एका घरातली गोष्ट नाही. आपल्या बीदर-कलबुर्गी भागातल्या कितीतरी घरांत हेच चालते. प्रत्येक पुस्तकाचे पहिले तीन धडे मळलेले आणि शेवटचे तीन कोरे करकरीत! पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचले तरच ते प्रामाणिक वाचन, मधले सोडून पुढे जाणे म्हणजे कामचुकारपणा, असा आपला जुना समज आहे. त्या समजाविषयी आज थोडे बोलू.

चाळणे हा आपलाच शब्द

इंग्रजीत ज्याला 'स्किमिंग' म्हणतात, ती काही परदेशातून आलेली नवी विद्या नाही. आपण वर्तमानपत्र चाळतो, लग्नपत्रिका आली की आधी तारीख आणि ठिकाण पाहतो, मग निमंत्रकांची नावे वाचतो. मराठीत 'चाळणे' हा शब्द पिठालाही आहे आणि पुस्तकालाही आहे. कन्नडमध्ये 'कण्णाडिसु' म्हणतात, म्हणजे डोळे फिरवणे. दोन्ही भाषांनी ही क्रिया ओळखली आहे. फक्त अभ्यासाच्या टेबलावर आपण तिला बंदी घातली.

मी त्या मुलीच्या आईला विचारले, "वहिनी, तूर डाळ घरी आली की लगेच शिजायला टाकता का?"

"न्हाई सर. आधी पाखडायची, चाळायची. मग निवडायची."

"का?"

"काय हाय, काय न्हाई ते कळायला नको का?"

अभ्यासाचेही तसेच आहे. धड्यात काय आहे, किती आहे, कठीण काय आणि सोपे काय, हे कळण्यासाठी आधी तो चाळायचा. पण त्या माउलीने पुढे आपणहून एक वाक्य उच्चारले आणि ते मला फार मोलाचे वाटले. त्या म्हणाल्या, "पण सर, नुसतं चाळून ठिवलं तर खडं तसंच राहतंय की. निवडायला बसावंच लागतंय."

आजच्या लेखाचे सार या एका वाक्यात आले आहे. वडील म्हणत होते की चाळूच नये. मुलगी चाळून थांबत होती. आई म्हणाली तो मार्ग खरा.

कल्याणच्या ग्रंथाची गोष्ट

कोहिनूरपासून जवळच आपले बसवकल्याण आहे. कल्याणी चालुक्यांच्या या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' ही याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका लिहिली. विक्रमादित्याची कारकीर्द १०७६ ते ११२६. देशाच्या मोठ्या भागात हिंदू वारसा कायद्याचा आधार म्हणून शेकडो वर्षे हाच ग्रंथ वापरला गेला. या ग्रंथाचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन अध्याय आहेत. वाटणीचा तंटा समोर आला तर जाणकार माणूस आचाराध्यायाच्या पहिल्या श्लोकापासून सुरुवात करत बसत नसे. तो व्यवहाराध्याय उघडून त्यातल्या दायविभागाच्या प्रकरणाकडे जाई आणि तिथे मात्र अक्षर न् अक्षर तपासून पाही. इंग्रज अधिकारी कोलब्रुक याने १८१० साली इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले तेही मुख्यतः या वारशाच्या भागाचेच, कारण न्यायालयांना तेवढ्याचीच निकड होती.

मोठ्या ग्रंथात काय कुठे आहे हे आधी जाणणे आणि हवे तिथे थांबून सावकाश वाचणे, ही विद्वानांची जुनी रीत आहे. आपल्या मुलांना ती दहावीत शिकवली तर त्यात काय बिघडले?

वेगाने वाचण्याच्या जाहिराती

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. 'मिनिटाला हजार शब्द वाचा, सगळे लक्षात ठेवा' अशा जाहिराती अधूनमधून दिसतात आणि पालक त्यांसाठी शुल्कही भरतात. अमेरिकेत एव्हलिन वुड या बाईंनी १९५९ साली असे वर्ग सुरू केले आणि ते फार गाजले. परंतु आपल्या डोळ्यांची रचनाच अशी आहे की एका वेळी मोजकी अक्षरेच स्पष्ट दिसतात. वाचताना डोळा उड्या मारत जातो आणि प्रत्येक उडीनंतर क्षणभर थांबतो. अख्खे पान एका दृष्टिक्षेपात वाचणे शक्य नाही.

बेल्जियममधील मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली १९० अभ्यास एकत्र तपासले. त्यानुसार इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मनातल्या मनात वाचताना मिनिटाला सरासरी २३८ शब्द वाचतो. मराठी आणि कन्नडमध्ये शब्दांना प्रत्यय चिकटून शब्द लांबतात, तेव्हा हा आकडा आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण हजार शब्दांची भाषा किती फुगवलेली आहे, ते यावरून समजते. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या विषयावरचे संशोधन पडताळून पाहिले आणि निष्कर्ष काढला की वेग वाढवला की समज कमी होते, त्यातून सुटका नाही. मात्र मजकुराचा गोषवारा तेवढा हवा असेल तर चाळणे उपयोगी पडते, असेही त्यांनी सांगितले.

याच बाबतीत इंग्लंडमधील डगन आणि पेन यांचा २००९ सालचा अभ्यास पाहण्यासारखा आहे. वेळ अपुरा असताना काहींनी अर्धाच मजकूर नेहमीच्या पद्धतीने वाचला, तर काहींनी सगळा मजकूर चाळला. चाळणाऱ्यांना महत्त्वाचे मुद्दे जास्त आठवले. बारीकसारीक तपशिलांत मात्र त्यांना काही फायदा झाला नाही. आमच्या त्या मुलीचे चार धडे पाठ आणि तीन कोरे, याचे उत्तर या अभ्यासात आहे. वेळ थोडा असेल तर आधी सातही धडे चाळावेत. पण गुण तपशिलालाही असतात, तेव्हा पुढे निवडायला बसावेच लागते.

दहा मिनिटांचे चाळणे

प्रत्यक्ष कसे करायचे? दहावीच्या विज्ञानातला 'जीवनक्रिया' हा धडा घेऊ. कन्नड पुस्तकात त्याचे नाव 'जीवक्रियेगळु'. धडा चांगला लांबलचक आहे. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली तर पोषणातच दोन संध्याकाळी जातात.

प्रथम शीर्षके पाहावीत. या धड्यात चार मोठे भाग आहेत. पोषण, श्वसन, वहन आणि उत्सर्जन. कन्नडमध्ये पोषणे, उसिराट, सागाणिके आणि विसर्जने. चारच खुंट्या आहेत, बाकी सगळे त्यांवर टांगलेले आहे, हे कळले की अर्धी भीती जाते.

मग आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी पाहाव्यात. पचनसंस्था, श्वसनसंस्था, हृदय, मूत्रपिंड. आकृतीत जी नावे आहेत तीच धड्यातली मुख्य माणसे. नंतर ठळक छापलेले शब्द.

त्यानंतर सरळ शेवटच्या पानावर जावे. होय, त्या वडिलांना ज्याचा राग आला तेच करावे! धड्याच्या शेवटी काय शिकलो याचा सारांश असतो आणि प्रश्न असतात. प्रश्न आधी वाचले की धडा वाचताना मन उत्तर शोधत राहते. अमेरिकेतील फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ सालच्या पुस्तकात अभ्यासाची जी पाच पायऱ्यांची पद्धत मांडली, तिच्या पहिल्या दोन पायऱ्या म्हणजे धड्यावर नजर टाकणे आणि प्रश्न तयार करणे. वाचन त्यानंतर येते.

शेवटी प्रत्येक परिच्छेदाचे पहिले आणि अखेरचे वाक्य वाचावे. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत व्हायला हवे. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर धड्याचा नकाशा काढावा, चार-पाच ओळींचाच. ज्या भागाबद्दल काहीच लिहिता आले नाही, तिथे फुली मारावी. त्या फुलीपासून सावकाश वाचन सुरू करावे. इथे निवडणे सुरू झाले.

आपल्या दोन भाषांचा नियम

इंग्रजी पुस्तकांत चाळण्याचे नियम वाचले तर 'वाक्याच्या सुरुवातीकडे लक्ष द्या' असे सुचवलेले असते. इंग्रजी वाक्यात क्रियापद लवकर येते आणि नकारही सहसा लवकर येतो. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी असते, आणि होकार की नकार ते वाक्य संपेपर्यंत कळत नाही. 'ही क्रिया अंधारात होते' आणि 'ही क्रिया अंधारात होत नाही', यांत फरक फक्त शेपटाला आहे. कन्नडमध्ये तर नकार क्रियापदालाच चिकटतो. 'आगुत्तदे' म्हणजे होते आणि 'आगुवुदिल्ल' म्हणजे होत नाही. घाईत डोळा शब्दाच्या पहिल्या अर्ध्यावरून निघून गेला की अर्थ उलटा होतो.

म्हणून आपल्या मुलांना मी एक नियम सांगतो. कन्नड चाळताना वाक्याचे शेपूट सोडू नका. शेवटी 'इल्ल', 'अल्ल', 'बारदु' दिसले की थांबा. प्रश्नपत्रिकेत 'सरियल्ल' म्हणजे बरोबर नसलेले आणि 'होरतुपडिसि' म्हणजे वगळून, हे दोन शब्द दिसले की पेन्सिलने खूण करा. दहावीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी पंधरा मिनिटे दिलेली असतात. ती चाळण्यासाठीच आहेत, पण वाक्याच्या शेपटासह.

दुसरी गोष्ट जोडशब्दांची. 'आदरे' म्हणजे परंतु, 'एकेंदरे' म्हणजे कारण, 'आद्दरिंद' म्हणजे म्हणून. हे शब्द रस्त्यावरच्या वळणाच्या पाट्यांसारखे असतात. 'आदरे' आला की आधीचे म्हणणे पालटणार, 'आद्दरिंद' आला की निष्कर्ष येणार. परिच्छेदात एवढे तीन शब्द हेरले तरी युक्तिवाद कुठून कुठे चालला आहे ते उमगते.

तिसरी गोष्ट ओळखीच्या शब्दांची. कन्नड पाठ्यपुस्तकात संस्कृत शब्द भरपूर आहेत आणि मराठी मुलांना त्यांचा मोठा आधार आहे. संविधान, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे शब्द दोन्हीकडे सारखेच. प्रकाशसंश्लेषणाला कन्नडमध्ये 'द्युतिसंश्लेषणे' म्हणतात, तेही ओळखू येते. पण काही शब्द ओळखीचा चेहरा घेऊन फसवतात. कन्नडमधला 'अवकाश' म्हणजे संधी, आणि 'अनुमान' म्हणजे शंका, संशय. जीवक्रियेमधले 'विसर्जने' म्हणजे आपले उत्सर्जन, त्याचा गणपतीशी संबंध नाही. अशा फसव्या शब्दांची वहीच्या मागच्या पानावर यादी करावी. दोन भाषांच्या घरातल्या मुलाला ही यादी कुठल्याही गाइडपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणखी एक सोय आपल्याला आहे. कर्नाटकची शालेय पाठ्यपुस्तके कन्नडबरोबर मराठीतही निघतात. कन्नड माध्यमात गेलेल्या मुलाने जुन्या मराठी शाळेतून किंवा शेजारच्या मुलाकडून त्याच इयत्तेचे मराठी पुस्तक मागून आणावे. आधी मराठी धडा दहा मिनिटे चाळावा आणि मग कन्नड धडा सावकाश वाचावा. विषय आधीच माहीत असला की परक्या लिपीचे ओझे निम्मे होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद इकडे राहिले. तेव्हापासून आपल्या घरांनी दोन भाषांचे ओझे वाहिले. त्याच दोन भाषांचा अभ्यासात असा लाभही घेता येतो.

कुठे चाळू नये

गणित चाळून येत नाही. व्याख्या, रासायनिक समीकरणे, सनावळ्या आणि नकाशे यांना वेळ द्यावाच लागतो. कविता तर चाळण्याची वस्तूच नव्हे. औषधाच्या आणि कीटकनाशकाच्या बाटलीवरची सूचना पूर्ण वाचावी.

आणि घरातल्या मोठ्यांसाठी एक गोष्ट. पहाणीचा उतारा असो, बँकेचा कर्जाचा कागद असो की खरेदीखत असो, ते कन्नडमध्ये येते आणि आपण आकडे तेवढे पाहून सही करतो. आकडा कुठे आहे ते शोधण्यापुरते चाळणे ठीक, पण सहीच्या आधी कन्नड वाचणाऱ्या लेकराला जवळ बसवून सगळा कागद ऐकून घ्यावा. 'इल्ल' तिथेही वाक्याच्या शेवटीच असतो!

पालकांनी काय करावे

"आम्हाला कन्नड वाचता येत नाही, मग मुलांचा अभ्यास कसा घेणार?" असे पुष्कळ पालक विचारतात. त्यांना मी सांगतो, पुस्तक मुलाकडून मागून घ्या, मिटून आपल्या मांडीवर ठेवा आणि म्हणा, "आता मला मराठीत सांग, ह्या धड्यात काय हाय?" बस्स. मुलाला पुस्तक न पाहता सांगावे लागेल, तेही दुसऱ्या भाषेत. न समजता पाठ केलेले तिथेच अडकते.

याला संशोधनाचाही आधार आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली दाखवले की एकच मजकूर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवते. पण आठवड्यानंतर, मधल्या काळात पुस्तक बाजूला ठेवून आठवून पाहणारे पुढे निघून जातात. आणि परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

त्या दिवशी मी वडिलांना एवढेच काम दिले. रोज रात्री जेवणानंतर एक धडा ऐकायचा. तास मोजायचे नाहीत, आवाज येतो की नाही ते पाहायचे नाही, फक्त ऐकायचे. मुलीला सांगितले, पाने पलटायला हरकत नाही, पण पलटून झाल्यावर कागदावर नकाशा दिसला पाहिजे आणि फुल्या मारलेल्या जागी परत जायला पाहिजे.

तीन-चार आठवड्यांनी बसवकल्याणच्या बसस्टँडवर ते गृहस्थ भेटले. मी विचारायच्या आधीच हसून म्हणाले, "सर, विसर्जने म्हंजे किडनीचं काम, हे मला ह्या वयात कळलं. पोरगी सांगतीय आन् मी ऐकायलोय. अडली की तिची आई म्हणतीय, खडा लागला बघ, परत निवड."

निकाल काय लागायचा तो लागेल. पण त्या घरात शेवटचे धडे आता कोरे राहणार नाहीत, एवढे मला नक्की वाटते. आज रात्री आपल्याही घरात एक पुस्तक उघडून बघा. शेवटचे तीन धडे किती मळले आहेत, त्यावरून अभ्यास कुठवर आला ते कळेल.